वाफेचा हत्ती आणि नानासाहेब

स्टीमपंक कादंबऱ्यांचे जग एका 'समजा'वर उभे असते. समजा, पेट्रोल आणि संगणकाची चिप येण्याआधीच यंत्रयुगाने वेगळी वाट धरली असती तर? लंडन राणी व्हिक्टोरियाचेच आहे, धुके आणि घोडागाड्याही जागच्या जागी आहेत, पण छपरांवरून एअरशिप तरंगत जातात, हिशेब दातेरी चाकांची यंत्रे करतात आणि गुप्तहेराचा तुटलेला हात पितळेचा असतो. बॉयलर, रिव्हेट मारलेले पत्रे, चामड्याचे पट्टे आणि गॉगल हा या जगाचा ठरलेला सरंजाम. त्यात जादू, पिशाच्चे किंवा बोलणारी अस्वले मिसळली की तीच गोष्ट फँटसीकडे झुकते.

'नॉटिलस' या मालिकेमुळे हे पितळी जग पुन्हा चर्चेत आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या कैदेतून पाणबुडी घेऊन निसटणारा त्यातला भारतीय राजपुत्र कॅप्टन नेमो काहींना आजच्या काळाची सोय वाटला. पण नेमोला भारतीय करणे ही मालिकावाल्यांची करामत नव्हे. ते काम नेमोला जन्म देणाऱ्या ज्यूल व्हर्ननेच दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवले आहे.

'स्टीमपंक' हे नाव मात्र बरेच अलीकडचे आहे, आणि ते थट्टेतून आले. कॅलिफोर्नियातले के. डब्ल्यू. जेटर, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक हे तिघे मित्र व्हिक्टोरियन लंडनमधल्या चमत्कारिक साहसकथा लिहीत होते. त्या काळी विज्ञानकथेत सायबरपंकचा, म्हणजे संगणकी जगातल्या बंडखोरांच्या कथांचा, बोलबाला होता. १९८७ मध्ये 'लोकस' या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात जेटरने, आपल्या तिघांसाठीही असलेच एखादे नाव हवे, म्हणून 'स्टीमपंक' सुचवले. गंमत अंगाशी आली आणि नाव कायमचे चिकटले. त्यातल्या 'पंक'चा, म्हणजे बंडखोरीचा, अंश बहुतेक पुस्तकांत शोधूनच काढावा लागतो.

नावाला खरे वजन आले ते विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांच्या 'द डिफरन्स इंजिन' या १९९० च्या कादंबरीमुळे. चार्ल्स बॅबेजचे गणकयंत्र अपुरे न राहता पुरे झाले असते तर, ही तिची कल्पना. प्रत्यक्षात बॅबेजच्या पहिल्या यंत्रावर ब्रिटिश सरकारने सुमारे १७ हजार पौंड खर्च केले आणि अखेर १८४२ मध्ये हात झटकले. कादंबरीत मात्र यंत्र चालते, कवी बायरन पंतप्रधान होतो आणि पंच केलेल्या कार्डांवर सरकार प्रजेची नोंद ठेवू लागते. आधारची रांग पाहिलेल्या वाचकाला यातली भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

बॅबेजच्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमने खरेच यंत्र बांधले. गणिताचा भाग १९९१ मध्ये, त्याच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, आणि छपाईचा भाग २००२ मध्ये पूर्ण झाला. सुमारे ८ हजार सुटे भाग, वजन ५ टन. बाजूचा दांडा फिरवला की उभ्या खांबांवरची अंककोरली चाके एकापाठोपाठ एक सरकतात आणि हातचा एका चाकावरून दुसऱ्यावर लाटेसारखा चढत जातो. यंत्र हाताने फिरवायचे आहे, वाफेचा त्यात थेंब नाही. व्हर्नची मूळ नॉटिलसही विजेवर चालते. रिव्हेट मारलेली जी लोखंडी पाणबुडी आज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते, ती डिस्नेच्या १९५४ च्या चित्रपटासाठी हार्पर गॉफ यांनी आखली होती. स्टीमपंकमध्ये 'स्टीम' अनेकदा नावापुरतीच असते.

वाफ खरी उसळते ती व्हर्नच्या 'द स्टीम हाउस' या नावाने इंग्रजीत आलेल्या कादंबरीत. मूळ फ्रेंच पुस्तक १८८० चे. ते सुरू होते औरंगाबादेत. ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी शहरात इंग्रजांची जाहिरात लागते: धोंडोपंत नानासाहेबाला जिवंत किंवा मृत पकडून देणाऱ्याला दोन हजार पौंड. पुढच्याच प्रकरणांमध्ये पेशव्यांचा हा दत्तक वारस वेरूळच्या लेण्यांत दिसतो. व्हर्न भारतात कधी आला नव्हता. जे काही सांगितले ते पुस्तके आणि नकाशे पुढ्यात ठेवून.

नानासाहेबावर सूड उगवायला निघालेला कर्नल मन्रो आणि त्याचे मित्र ज्या वाहनातून हिंडतात तो आहे पोलादी हत्ती. पोटात बॉयलर, वर उचललेली सोंड म्हणजे धुराडे, पाठीवरच्या अंबारीत यंत्र हाकणारा. भूतानच्या राजासाठी तो बनवला होता. राजा मेला आणि बँक्स नावाच्या इंजिनीअरने तो विकत घेतला. हत्तीमागे चाकांवरची दोन घरे जोडलेली: पहिल्यात साहेबांच्या खोल्या, दुसऱ्यात स्वयंपाकघर आणि नोकर. वाटेत एक राजा आपले तीन खरे हत्ती या यंत्राशी झुंजवतो आणि हरतो. साम्राज्याची स्वतःविषयीची समजूत इतक्या नेमक्या चित्रात क्वचितच उतरली असेल. शेवटी हत्ती बॉयलर फुटून संपतो आणि त्याच स्फोटात कादंबरीतला नानासाहेबही जातो. इतिहासातले नानासाहेब नेपाळच्या तराईत गेले आणि तिथून त्यांचा माग धूसर होत गेला. इंग्रजांनी त्यांच्या डोक्यावर खरोखर लावलेले बक्षीस एक लाख रुपयांचे होते.

विशेष हे की याच लेखकाने पाचेक वर्षे आधी १८५७ च्या दुसऱ्या एका बंडखोराला नायक केले होते. नेमोच्या पहिल्या, १८७० च्या पुस्तकात त्याचा देश कोणता ते कळत नाही. व्हर्नच्या मनात तो रशियाविरुद्ध उठलेला पोलिश सरदार होता. पण रशियातला वाचक दुखावू नये म्हणून प्रकाशक हेट्झेलने ते मोडून काढले. 'मिस्टिरियस आयलंड'मध्ये नेमो अखेर राजपुत्र डक्कर म्हणून प्रकटतो: बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा पुतण्या, बंडात सर्वस्व गमावलेला. नाते ऐतिहासिकदृष्ट्या जुळत नाही, पण तेवढे व्हर्नला माफ. बंड तेच, लेखणी तीच. काल्पनिक राजपुत्राला पाणबुडी मिळाली आणि खऱ्या पेशव्याच्या वाट्याला खलनायकी आली. मराठी मुलांना भा. रा. भागवतांनी व्हर्नची गोडी लावली. त्या गोडीतही नेमो घरचा झाला आणि हा हत्ती परकाच राहिला.

नंतरच्या इंग्रजी स्टीमपंकने कोळसा कुणी खणला आणि रबर कुठून आले हे प्रश्न बहुधा टाळले. टाळले नाहीत त्या कादंबऱ्याच आज वाचण्यासारख्या आहेत. मायकल मूरकॉकच्या 'द वॉरलॉर्ड ऑफ द एअर'मध्ये (१९७१) एक ब्रिटिश अधिकारी १९७३ सालात जाऊन पडतो. तिथे साम्राज्य अजून मावळलेले नाही, एअरशिप दिमाखात उडताहेत आणि त्या दिमाखाखाली काय दडपले आहे ते त्याला हळूहळू दिसते. फिलिप रीव्हच्या 'मॉर्टल एंजिन्स'मध्ये (२००१) चाकांवर बसवलेले लंडन लहान गावांना गिळत फिरते. निसी शॉलची 'एव्हरफेअर' (२०१६) थेट बेल्जियन राजा लिओपोल्डच्या काँगोत जाते. तिथे रबराची भरती कमी पडली की माणसांचे हात तोडले जात, हा इतिहास आहे. कादंबरीत त्या मनगटांवर यांत्रिक हात बसतात.

स्टीमपंकच्या मेळ्यांत हौशी मंडळी मिरवतात तसलाच तो पितळी हात. फरक एवढाच की इथे तो आधी कुणी तोडला ते लिहिलेले आहे.