ब्रॉन्झर आणि ब्लश एकत्र कसे लावायचे?



मी पहिल्यांदा ब्रॉन्झरची डबी घरी आणली तेव्हा आईने विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, चेहऱ्यावर ऊन लागल्यासारखा रंग यावा म्हणून. आई माझ्याकडे बघतच राहिली. बाहेर मे महिना, पारा ४४ वर, गल्लीत कुत्रंसुद्धा दिसेना. ती म्हणाली, "अगं, मग गच्चीवरचे पापड तेवढे उलटवून ये. फुकटात होईल."

आईचं अगदीच चुकलं नव्हतं. ब्रॉन्झर जिथून आला तिथे थंडीचे महिनेच्या महिने आभाळ भरलेलं असतं आणि माणसं फिकुटलेली दिसतात. समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवून तांबूस होऊन आलेला चेहरा तिथे ऐपतीची खूण. फ्रान्सच्या गेर्लां कंपनीने १९८४ साली 'टेराकोटा' नावाची पावडर आणली, ती हाच रंग डबीत घालून. आपल्याकडे गंगा उलटी वाहते. फेअर अँड लव्हली १९७५ ची, २०२० मध्ये तिचं नाव बदललं, पण आपल्या घरांतली भीती काही नावासोबत बदलली नाही. म्हणून ब्रॉन्झर म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मी अजून काळी दिसेन का गं?"

या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या भाचीच्या लग्नात नीट कळलं, म्हणून आधी तो किस्सा सांगते.

भाची सावळी. छान तुकतुकीत सावळी, तिच्या आजीसारखी. लग्न इथेच भिलाईत होतं. ठरलेल्या पार्लरमधून ती तयार होऊन आली आणि ताईच्या खोलीत आरशासमोर गप्प बसून राहिली. फाउंडेशन तिच्या रंगापेक्षा निदान दोन छटा उजळ. त्यावर बेबी पिंक ब्लश. चेहरा एका रंगाचा, गळा दुसऱ्या, मेंदीचे हात तिसऱ्याच. ती एवढंच म्हणाली, "मावशी, ही मी नाहीये." मुहूर्ताला पाऊण तास होता.

मी काय केलं ते पुढे सांगतेच, पण त्याआधी त्या चेहऱ्याचं नेमकं काय बिघडलं होतं ते समजून घेऊ.

काहीही न लावलेला चेहरा आरशात नीट पाहा. तो एका रंगाचा नसतोच. कपाळ, नाकाचा दांडा, गालाच्या हाडाचा वरचा भाग इथे ऊन सगळ्यात जास्त पडतं, म्हणून तिथे रंग जरा गडद, उबदार. गालाच्या मधल्या भागात त्वचेखालून रक्ताची लाली येते. सावळ्या चेहऱ्यावरही ती असते, फक्त गुलाबी न दिसता विटकरी किंवा जांभळट दिसते. फाउंडेशन हे सगळं पुसून टाकतं. डाग झाकतं हे खरं, पण त्यासोबत उन्हाचा रंग जातो आणि रक्ताचाही जातो. राहतो तो रंग दिलेल्या भिंतीसारखा सपाट चेहरा. गेलेला उन्हाचा रंग परत आणतो ब्रॉन्झर, आणि रक्ताचा रंग परत आणतो ब्लश. दोघांची कामं वेगळी, म्हणून दोन्ही लागतात. नुसता ब्लश लावला तर सपाट भिंतीवर दोन गुलाबी ठिपके दिसतात. भाचीचं तेच झालं होतं.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. काँटूर म्हणजे ब्रॉन्झर नव्हे. काँटूर ही सावली आहे, तिचा रंग राखाडीकडे झुकणारा, आणि ती गालाच्या खळग्यात बसते. ब्रॉन्झर ऊन पडतं तिथे, म्हणजे उंचवट्यांवर. काँटूरच्या जागी ब्रॉन्झर लावला तर गालाखाली मातीचा पट्टा ओढल्यासारखं दिसतं. रोजच्या मेकअपमध्ये काँटूर विसरून गेलात तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रंग. भिलाईच्या माणसाला तपकिरी रंग समजावून सांगायची गरज नाही. आमच्या पोलाद कारखान्याचं लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून येत आलं आहे. त्या बाजूला गेलात तर चप्पल, पायजमा, गाडीची चाकं, सगळं तांबडं होऊन येतं. तो तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा. ब्रॉन्झरच्या डबीमागे बारीक अक्षरांत ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे दिसले तर ती हीच मंडळी आहेत: तांबडं, पिवळं आणि काळं आयर्न ऑक्साइड. कॉस्मेटिकसाठी ते कारखान्यात शुद्ध स्वरूपात बनवतात, म्हणून कुणी कृपा करून अंगणातला गेरू गालाला फासू नका. या तिघांचं प्रमाण बदललं की कुठे सोनेरी तपकिरी, कुठे विटकरी, कुठे कॉफीचा रंग तयार होतो.

तिथेच आणखी एक आकडा असतो, ७७८९१. तो टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा. हलक्या छटा बनवायला तो घालतात. तो जास्त असला की सावळ्या त्वचेवर राख उडाल्यासारखं दिसतं. किती घातलाय हे डबीवरून कळत नाही. ते लावूनच बघायला हवं, आणि लावायचं कुठे? मनगटावर नाही. जबड्याच्या कडेला, जिथे चेहरा आणि मान एकत्र दिसतात. लावून दुकानाच्या दाराबाहेर यायचं. सिव्हिक सेंटरच्या दुकानांतले पांढरे दिवे प्रत्येक रंगाला वाईट दाखवतात, किंवा प्रत्येकालाच चांगलं. दिवसाच्या उजेडात फोनच्या कॅमेऱ्यात बघा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

साधारण हिशेब असा. आपल्या त्वचेपेक्षा एक, फार तर दोन छटा गडद ब्रॉन्झर. गव्हाळ रंगाला सोनेरी तपकिरी चालतो, नारिंगी नाही. सावळ्या रंगाला ज्यात थोडा लालसर झाक आहे असा गडद तपकिरी. अडचण अशी की बाजारात मिळणारे कितीतरी ब्रॉन्झर सावळ्या मुलींच्या मूळ रंगापेक्षाच उजळ असतात. त्यांनी ऊन येत नाही, पीठ येतं. मग ब्रॉन्झर नावाची डबी हवीच असं कुठे आहे? आपल्यापेक्षा दोन छटा गडद फाउंडेशन स्टिक किंवा गडद कॉम्पॅक्ट घ्या, काम तेच होतं. रंग खूपच गडद असेल तर ब्रॉन्झर सोडून द्या, चांगला ब्लश एकटा पुरतो.

ब्लशच्या बाबतीत आपण सगळ्याच भित्र्या. डबीत फिकट गुलाबी दिसला की तो "सेफ" वाटतो. पण फिकट गुलाबी सावळ्या गालावर खडूसारखा बसतो. डबीत बघून धडकी भरेल असे रंग घ्या: विटकरी, मरून, जांभळट, भडक कोरल. ब्रश अलगद टेकवला की गालावर ते अगदी खरी लाली वाटतात. गव्हाळ रंगाला पीच आणि गुलाबाची गडद छटा छान.

आधी काय? ब्रॉन्झर आधी. तो जास्त जागेवर पसरतो, चेहऱ्याला ऊब आणतो, आणि त्यानंतर लक्षात येतं की ब्लश वाटला होता त्याच्या निम्माच पुरतोय. उलट केलंत तर ब्लश आधीच भरपूर लागतो, वर ब्रॉन्झर आला की सगळं मिळून गढूळ होतं.

मोठा, मऊ, भरघोस ब्रश घ्या. पावडरमध्ये टेकवा, डबीच्या काठावर झटका. कपाळाच्या कडेपासून सुरू करून इंग्रजी तीनचा आकडा काढायचा: कपाळाची कड, तिथून गालाच्या हाडावर, तिथून जबड्याच्या कडेला. ब्रशमध्ये उरलेलं नाकाच्या दांड्यावर हलकंसं आणि गळ्यावर. गळा विसरू नका. ब्लाउजचा गळा मोठा असेल तर तिथपर्यंत.

मग लहान ब्रशने ब्लश. "हसा आणि गालाच्या गोट्यांवर लावा" हे आपण सगळ्याच शिकलो. हसणं थांबलं की गोट्या खाली येतात, आणि त्यांच्यासोबत ब्लशही. विशीत ते गोड दिसतं. चाळिशीनंतर चेहरा ओघळलेला दिसतो. म्हणून नाकापासून दोन बोटं सोडायची, गालाच्या उंच भागावर ठेवायचा आणि कानाच्या वरच्या टोकाकडे ओढत न्यायचा. ब्रॉन्झर बाहेरच्या बाजूला, ब्लश आतल्या बाजूला, आणि मध्ये बोटभर जागा दोघांनी वाटून घ्यायची. तिथली रेघ घालवायला तोच ब्रॉन्झरचा ब्रश, नवीन पावडर न घेता, गोल गोल फिरवा.

क्रीम की पावडर? नियम एकच, क्रीमवर पावडर चालते, पावडरवर क्रीम नाही, गुठळ्या होतात. आमच्या उन्हाळ्यात मी गालावर क्रीम ब्लश बोटाने थोपटते, त्यावर कॉम्पॅक्ट, मग पावडर ब्रॉन्झर, आणि वर त्याच रंगाच्या पावडर ब्लशचा एक हलका हात. घामाने वरचा थर गेला तरी खालचा टिकतो. हो, इथे ब्लश दोनदा आला, एकदा ब्रॉन्झरच्या आधी. मे महिन्याच्या लग्नासाठी तेवढी सूट. आणि या सगळ्याच्या खाली सनस्क्रीन. ब्रॉन्झर उन्हाचा रंग देतो, उन्हापासून वाचवत नाही.

ज्यांच्या गालांवर वांग आहे, त्यांनी जरा थांबा. वांग बहुतेक वेळा गालाच्या हाडावरच येतो, म्हणजे नेमका ब्रॉन्झरच्या जागी. वर ब्रॉन्झर फिरवला तर डाग पसरल्यासारखा दिसतो. आधी नारिंगी करेक्टर, त्यावर आपल्याच रंगाचं फाउंडेशन थोपटून, आणि ब्रॉन्झर फक्त कपाळाच्या आणि जबड्याच्या कडेला. गालावर नुसता ब्लश. डाग थोडा दिसला तर दिसू दे.

आमच्या आयांकडे यातलं काही नव्हतं. आई लिपस्टिकचे दोन ठिपके गालावर लावून बोटाने पसरवायची, झाला ब्लश. ती युक्ती आजही चालते. कुंकू किंवा सिंदूर मात्र गालावर नको, काही सिंदुरांत शिसं सापडलेलं आहे. आमच्या छत्तीसगडच्या नाचामधले जुने कलाकार चेहऱ्याला पिवळट मुर्दाडशिंग लावायचे. तेही शिशाचंच. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट दुसरी: दिवे रंग खातात हे त्यांना ठाऊक होतं. लग्नाच्या हॉलमधले पांढरे दिवे आणि व्हिडिओवाल्याचा फोकसही ब्लश खातात. म्हणून लग्नाला आरशात बरोबर वाटतं त्यापेक्षा एक हात जास्त. हळदीला, दिवसा, अंगणात, एक हात कमी.

तर ती भाची. मला आधी वाटलं, वरून गडद ब्रॉन्झर फिरवला की भागेल. नाही भागलं. उजळ फाउंडेशनवर तो चिखलासारखा दिसू लागला. चुकीच्या रंगाचा पाया ब्रॉन्झरने दुरुस्त होत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. मग ओल्या स्पंजने गाल, कपाळ, हनुवटी पुसून काढली. डोळ्यांचा मेकअप चांगला होता, त्याला हात लावला नाही. सुदैवाने तिच्या पर्समध्ये तिचं रोजचं फाउंडेशन होतं. ते अगदी पातळ लावलं. ब्रॉन्झरची माझी डबी तिच्यापुढे फिकी पडत होती, म्हणून ताईची जुनी गडद कॉम्पॅक्ट घेतली, ती कपाळाच्या कडेला, गालाच्या हाडावर, गळ्यावर. ब्लश म्हणून तिचीच मरून लिपस्टिक, बोटाने. एवढं होईस्तोवर बाहेरून भटजींची दुसरी हाक आली.

ती उठली, आरशात पाहिलं, आणि पहिलं वाक्य काय, तर "नथ कुठंय?" मला तेवढं पुरे होतं.

एक राहिलं. ब्लश जास्त झाला तर वरून पांढरी पावडर थापू नका, गुलाबी राख होते. फाउंडेशन लावलेला स्पंज असतो ना, तोच, नवीन काही न घेता, गालावर चार-पाच वेळा टेकवा. रंग आत दबतो. ब्रॉन्झर जास्त झाला तरी हाच उपाय. आणि दोन्ही एकदम जास्त झाले असतील तर तोंड धुवा, मीही धुते.