जपान–नेदर्लंड्स संबंध

पूर्व आशियातील जपान व वायव्य यूरोपातील नेदर्लंड्स (हॉलंड) या देशांमधील सतराव्या शतकापासूनचे राजनैतिक, व्यापारी व सांस्कृतिक संबंध. १६४१ ते १८५४ या काळात जपानशी व्यापार करण्याची मुभा यूरोपीय राष्ट्रांपैकी केवळ डचांना होती. हा व्यापार उत्तरोत्तर घटत गेला. मात्र त्याच अरुंद वाटेने आलेल्या ग्रंथांनी व वार्तांनी जपानच्या आधुनिकीकरणाचा पाया घातला. या संबंधांचे खरे महत्त्व व्यापारी लाभापेक्षा या ज्ञानप्रसारात आहे.

प्रारंभ : रॉटरडॅमहून १५९८ मध्ये निघालेल्या पाच जहाजांपैकी लीफ्डे हे एकच जहाज एप्रिल १६०० मध्ये क्यूशू बेटाच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील विल्यम अ‍ॅडम्स हा इंग्रज सुकाणूधारी व यान योस्टेन हा डच व्यापारी यांना तोकुगावा इएयासू याने आश्रय दिला. टोकिओतील याएसू या भागाचे नाव योस्टेनच्या नावावरून पडले आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीला १६०९ मध्ये व्यापाराचा परवाना मिळून हिरादो येथे तिची वखार स्थापन झाली. पोर्तुगीज व्यापाराबरोबर धर्मप्रसारही करीत. डचांनी मात्र स्वतःस व्यापारापुरते मर्यादित ठेवले. ख्रिस्ती शेतकऱ्यांचा मोठा सहभाग असलेल्या शिमाबारा येथील उठावाच्या वेळी (१६३७–३८) त्यांनी शोगुनच्या बाजूने बंडखोरांच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. पुढे १६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानची दारे बंद झाली. तथापि डचांवरील संशयही मावळला नव्हता. हिरादोच्या नव्या दगडी गोदामावर ख्रिस्ती सनाचे वर्ष कोरलेले आढळताच ते पाडून टाकण्याचा हुकूम झाला व १६४१ मध्ये वखार नागासाकी बंदरातील देजिमा या कृत्रिम बेटावर हलविण्यात आली.

देजिमा व तेथील व्यापार : पंख्याच्या आकाराचे हे बेट मुळात पोर्तुगीजांसाठी बांधलेले असून त्याचे क्षेत्रफळ सु. १·५ हेक्टर होते. एका पुलाने ते शहराशी जोडलेले होते. पुलावर पहारा असे व परवानगीवाचून डचांना तो ओलांडता येत नसे. उघडपणे धर्माचरण करण्यासही त्यांना मनाई होती. वखारीचा प्रमुख शोगुनला नजराणा देण्यासाठी एडोस (हल्लीचे टोकिओ) जात असे. हा प्रवास १७९० पर्यंत दरवर्षी व नंतर दर चार वर्षांनी होई. यूरोपातील व आशियातील घडामोडींचा वृत्तांत जपानी अधिकाऱ्यांना सादर करणे, हेही डचांचे एक बंधनकारक कर्तव्य होते. डचांनी ही बंधने नफ्यासाठी पतकरली, तर जपानी राज्यकर्त्यांनी बाहेरील जगाची माहिती मिळावी म्हणून ही वाट खुली ठेवली.

डच जहाजे बटेव्हियाहून (हल्लीचे जाकार्ता) चीन, व्हिएटनाम व बंगाल येथील रेशीम, भारतातील सुती कापड, साखर आणि कातडी आणीत. परतताना ती चांदी, तांबे, कापूर, लाखकामाच्या वस्तू व आरिता येथील चिनी मातीची भांडी नेत. १६६८ मध्ये डचांच्या चांदीच्या निर्यातीवर बंदी आल्यानंतर तांब्याला महत्त्व आले. हे जपानी तांबे भारतातील बाजारपेठांतही मोठ्या प्रमाणात विकले जाई. धातूंचा साठा कमी होऊ लागल्याने १७१५ च्या नियमांनी डच जहाजांची संख्या वर्षाला दोन व १७९० मध्ये एक एवढीच ठरविण्यात आली.

डचविद्या : ख्रिस्ती धर्माशी संबंध नसलेल्या परदेशी ग्रंथांवरील निर्बंध शोगुन योशिमुने याने १७२० मध्ये शिथिल केले. १७७१ मध्ये सुगिता गेम्पाकू व माएनो र्योताकू या वैद्यांनी एडो येथे देहान्त शासन झालेल्या एका स्त्रीच्या शवाचे विच्छेदन पाहिले. जवळच्या डच शरीरशास्त्रीय ग्रंथातील आकृत्या प्रत्यक्षाशी तंतोतंत जुळतात, पारंपरिक ग्रंथांतील वर्णन मात्र जुळत नाही, असे त्यांस आढळले. डच भाषेचे ज्ञान तुटपुंजे असूनही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुल्मुस या जर्मन लेखकाच्या त्या ग्रंथाचे डच आवृत्तीवरून भाषांतर केले. ते काइताई शिन्शो या नावाने १७७४ मध्ये प्रसिद्ध झाले. यानंतर वैद्यक, ज्योतिषशास्त्र, भूगोल व रसायनशास्त्र या विषयांचा डच ग्रंथांद्वारे अभ्यास करणारी ‘रान्गाकू’ (डचविद्या) ही ज्ञानशाखा उदयास आली. ‘बीरु’ (बीअर), ‘गारासु’ (काच), ‘मेसु’ (शस्त्रक्रियेची सुरी) हे जपानी शब्द मूळचे डच आहेत.

यूरोपला जपानचे ज्ञानही देजिमामार्गेच झाले. डचांच्या सेवेतील केंफर, टूनबॅर्ग व सीबोल्ट या वैद्यांचे जपानविषयक ग्रंथ प्रमाणभूत मानले गेले. सीबोल्टने नागासाकीजवळ विद्यालय काढून जपानी विद्यार्थ्यांना वैद्यक शिकविले. तथापि निषिद्ध नकाशे मिळविल्याच्या आरोपावरून १८२९ मध्ये त्यास हद्दपारीची शिक्षा झाली. नकाशे देणारा राजज्योतिषी ताकाहाशी कागेयासू कारागृहात मृत्यू पावला. सीबोल्टचा संग्रह लायडन येथे असून तेथील विद्यापीठात १८५५ मध्ये जपानी भाषेचे अध्यासन निर्माण झाले.

खुल्या धोरणाचा काळ : देश खुला करावा, असा सल्ला डच राजा दुसरा विल्यम याने १८४४ मध्ये पत्राद्वारे दिला होता, तो शोगुनने नाकारला. अमेरिकन आरमार येणार असल्याची पूर्वसूचनाही डचांनी १८५२ मध्ये दिली होती. १८५४ नंतर डचांचा मक्ता संपला. तरीही नागासाकीचे नौदल प्रशिक्षण केंद्र (१८५५) व पाँप व्हान मेर्डरव्होर्ट याने सुरू केलेले वैद्यकीय शिक्षण (१८५७) यांत त्यांचा पुढाकार होता. १८६२ मध्ये निशी आमाने, त्सुदा मामिची प्रभृती विद्यार्थी नेदर्लंड्सला गेले. डच अभियंता योहानिस डे रेइके याने पुढे सु. तीस वर्षे जपानमधील नद्यांच्या नियंत्रणाचे कार्य केले. मात्र याच काळात इंग्रजी व जर्मन या भाषांनी डचची जागा घेतली.

दुसरे महायुद्ध व नंतर : डिसेंबर १९४१ मध्ये नेदर्लंड्सने जपानविरुद्ध युद्ध पुकारले व मार्च १९४२ मध्ये डच ईस्ट इंडीज (हल्लीचा इंडोनेशिया) जपानच्या ताब्यात गेले. सु. एक लाख डच नागरिक छावण्यांत डांबले गेले. युद्धकैद्यांना ब्रह्मदेश–सयाम लोहमार्गावर राबविण्यात आले व हजारोंचा मृत्यू झाला. पूर्वी एका लहानशा बेटावर बंदिस्त राहून व्यापार करणारे राष्ट्र या काळापर्यंत स्वतःच वसाहतीचे सत्ताधीश बनले होते. इंडोनेशियन जनतेला दोन्ही सत्तांची झळ सोसावी लागली. १९५६ च्या करारान्वये जपानने एक कोटी डॉलर भरपाई दिली, परंतु कटुता सरली नाही. सम्राट हिरोहितोच्या १९७१ मधील भेटीच्या वेळी नेदर्लंड्समध्ये निदर्शने झाली. राणी बिआट्रिक्सने १९९१ मध्ये टोकिओत या यातनांचा स्पष्ट उल्लेख केला आणि संबंधांच्या चौथ्या शताब्दीच्या वर्षी, २००० मध्ये, सम्राट आकिहितोने ॲम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय स्मारकास पुष्पचक्र वाहिले.

अर्धसंवाहक निर्मितीची यंत्रसामग्री बनविणाऱ्या मोजक्या देशांत आज या दोहोंची गणना होते. २०२३ मध्ये दोघांनीही तिच्या निर्यातीवर निर्बंध घातले. समुद्र हटवून केलेल्या भरावामुळे विसाव्या शतकाच्या प्रारंभी देजिमाचे बेटपण नाहीसे झाले होते. नागासाकी शहराने तेथील जुन्या इमारतींची पुनर्बांधणी केली असून २०१७ मध्ये शहराला जोडणारा पूलही नव्याने उभारण्यात आला.