हाताला येणारं इंजिन

टेस्टरचा लोखंडी दांडा मिस्त्रींनी सावकाश खाली दाबला. काटा चढत शंभर बारच्या पुढे गेला, जरा थरथरला आणि नोझलच्या टोकातून ‘कर्र’ आवाज करत डिझेलचा फवारा सुटला. बारीक, सरळ, चहूबाजूंनी सारखा. मिस्त्रींनी ते नोझल वर्तमानपत्रावर डावीकडे ठेवलं आणि दुसरं लावलं. या वेळी कर्र झालंच नाही. एका अंगाला झुकलेली धार निघाली आणि टोकाला एक थेंब लोंबत राहिला.

“आबा, हा बघा. धूर हाच काढतोय.”

आबा पुढे वाकले, तसा मिस्त्रींनी त्यांचा हात धरून मागे घेतला. एवढ्या दाबाने सुटलेलं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवायची पाळी येते. नोझलसमोर हात धरायचा नाही, हा या खोलीतला पहिला नियम.

सासवडच्या या गॅरेजात आबांची टाटामोबाइल उभी होती. पुढे बॉनेट, मग दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. टाटांच्या टेल्को कंपनीने ही पिकअप 1988 मध्ये आणली. 1954 मध्ये डायमलर-बेंझच्या साथीने जड ट्रक बांधायला लागलेल्या या कंपनीचं मोटारीच्या दिशेने टाकलेलं हे पहिलं मोठं पाऊल होतं. याच गाडीच्या पायावर 1991 मध्ये सिएरा उभी राहिली, मग इस्टेट आणि 1994 मध्ये सुमो. या तिघींचं कौतुक पुष्कळ झालं. त्यांच्याआधी आलेली ही पिकअप मात्र बाजार समितीच्या फाटकातून ये-जा करत राहिली. मला ती त्या तिघींहून जास्त आवडते. तिच्यात दाखवण्यापुरतं असं काहीच नाही.

हौद्याची उंची बघा. जमिनीवर उभा राहिलेला माणूस बाजूच्या पत्र्यावरून हात घालून आतली पाटी उचलू शकतो. फाळका पाडला की पोतं कमरेवरून सरळ आत सरकतं. आबांचा माल म्हणजे पुरंदरची अंजिरं, खट्टा बहाराची आणि मीठा बहाराची. अंजिराला धक्का सोसत नाही आणि थांबणंही सोसत नाही. पहाटे तोडलेला माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात वेळेत पोचला नाही, तर भाव हातचा जातो. मोठा ट्रक भरेल एवढं त्यांच्याकडे एका दिवसात निघत नाही आणि तीनचाकीत मावत नाही. एका कुटुंबाच्या बागेत एका सकाळी निघणारा माल या हौद्यात बरोबर बसतो. असा आकार कागदावर साधा दिसतो, पण त्यावर घरं चालतात.

इंजिन चार सिलिंडरचं. प्रत्येकाचा व्यास 83 मिलिमीटर, स्ट्रोक 90 मिलिमीटर, एकूण 1948 सीसी. त्याच काळात महिंद्राच्या गाड्यांत जे प्यूजोचं एक्सडीपी 4.90 डिझेल इंजिन बसत होतं, त्याची मापं नेमकी उलटी: व्यास 90, स्ट्रोक 83, एकूण 2112 सीसी. गॅरेजच्या भिंतीला टेकून ही दोन्ही इंजिनं शेजारी ठेवलेली मी पाहिली. मिस्त्रींना दोन्ही सारखीच ओळखीची. दोन्ही जुन्या घडणीची, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पडतं, तिथे पेटतं आणि मग मुख्य जागेत झेपावतं. यामुळे आवाज जरा मऊ येतो, पण थंडीत पेट घ्यायला त्रास होतो. म्हणून प्रत्येक कप्प्यात एक हीटर प्लग. चावी फिरवायची, दिवा विझेपर्यंत दम धरायचा, मगच स्टार्टर मारायचा. डिसेंबरच्या पहाटे पुरंदरच्या पठारावर हा दम थोडा लांबतो.

बिघडलेलं नोझल कोणतं, हे मिस्त्रींनी टेस्टरच्या आधीच ओळखलं होतं. ते काम मी डोळ्यांनी पाहिलं आणि खरं तर कानांनी ऐकलं. इंजिन स्लोवर चालू होतं. मिस्त्रींनी पान्ह्याने पहिल्या नोझलच्या पाइपाचा नट अर्धा आटा सैल केला. डिझेल बाहेर पाझरलं आणि इंजिन एकदम लंगडायला लागलं. नट कसला, इंजिन सावरलं. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याचा नट सैल केला, तर काहीच फरक नाही. इंजिन आधीच तिसरा सोडून चालत होतं.

“कान द्या हिकडं,” असं म्हणून त्यांनी हाताखालच्या पोराला तेच पुन्हा करायला लावलं. पोराने एक ते चार नट क्रमाने सैल केले, कसले आणि तिसऱ्यावर थांबला. या तपासणीला पान्हा लागतो आणि कान लागतो, बाकी काही नाही. मला या गाडीची ओढ वाटते ती याच जागी. बिघाड कुठे आहे ते गाडी स्वतः सांगते, आणि ते ऐकून घेणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळतो.

धुराचंही तसंच. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर काढून झटकून बघायचा. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. हीटर प्लग, टायमिंग, नाहीतर नोझल. निळा दिसला की मात्र मिस्त्रींचा चेहरा गंभीर होतो. तो इंजिन ऑइल जळल्याचा धूर, तिथे रिंगा आणि खर्च दोन्ही येतात. आबांच्या गाडीचा धूर पांढरट होता. त्यांना तेवढं कळत होतं, म्हणून ते घाबरलेले नव्हते. आपल्या गाडीचं दुखणं किती मोठं आहे याचा अंदाज मालकाला असणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

नवीन कॉमन रेल इंजिनं जास्त ताकदीची आहेत, कमी डिझेलमध्ये जास्त चालतात आणि धूर फारच कमी सोडतात, हे सगळं खरं. त्यांच्यातला दाब दीड हजार बारच्याही पुढे जातो. तिथे चालत्या इंजिनाचा नट सैल करायची कल्पनाही करू नये. दोष बघायला स्कॅनर हवा, आणि बिघडलेला इंजेक्टर बहुतेक वेळा अख्खाच बदलावा लागतो. इथे मिस्त्रींनी नोझल उघडलं, सुई डिझेलमध्ये धुतली, पितळी ब्रशने काजळी काढली, सुई आपल्या वजनाने खाली सरकते का ते पाहिलं. ती अडकत होती. मग त्यांनी कपाटातून नवीन नोझल काढलं. स्प्रिंगखाली पातळ शिम घातली, टेस्टरवर लावलं. दाब कमी वाटला म्हणून शिम बदलून जरा जाड घातली. चारही नोझलांचा दाब सारखा येईपर्यंत हे चाललं. खाली बसणारे तांब्याचे वॉशर मात्र त्यांनी चारही नवे घेतले. जुना वॉशर परत वापरलेला त्यांना खपत नाही.

मग हवा काढायचं काम. डिझेलच्या वाटेत हवा शिरली की पंप नुसता ती हवाच दाबत बसतो आणि इंजिन पेटत नाही. पोराने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हँडपंप मारायला सुरुवात केली. आधी फसफस, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांसकट डिझेल, शेवटी स्वच्छ अखंड धार. स्क्रू बंद. आता नोझलांकडचे चारही नट सैल ठेवून स्टार्टर. एकेका नटातून डिझेलची चिळकांडी उडाली तसा मिस्त्रींनी एकेक नट कसत नेला. पहिल्यावर इंजिन ठेचकाळलं, दुसऱ्यावर धडपडलं, तिसऱ्यावर चालायला लागलं, चौथ्यावर चारही ठोके एका ओळीत आले. आबा नुसते “हां” म्हणाले.

चाचणीसाठी हौद्यात खताची पोती टाकून आम्ही दिवे घाट उतरलो आणि वडकीहून परत चढलो. माउलींची पालखी सासवडकडे येते तो हा चढ. गाडी घाई करत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ती एका लयीत चढत राहते, गिअरच्या दांड्याची थरथर तळहाताला लागते आणि बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. आबांनी आरशात बघितलं. मागे धूर नव्हता म्हणण्यापेक्षा, आधीचा धूर नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ही गाडी घडली तेव्हा आजचे प्रदूषणाचे निकष नव्हते. 1 एप्रिल 2020 पासून देशात नवीन गाड्यांना भारत स्टेज सहा लागू झालं. त्या मापाने या इंजिनाचा धूर बसणारच नाही. शहरात दिवसभर अशा गाड्या फिराव्यात असं मी म्हणणार नाही, श्वास सगळ्यांचा आहे. पण शेत, वाडी आणि बाजार एवढ्यापुरती, नोझलं नीट राखलेली, फिटनेस तपासून घेतलेली जुनी पिकअप भंगारात काढण्याची घाई करू नये, असं मला मनापासून वाटतं. ती घडवताना लागलेलं लोखंड आणि कष्ट केव्हाच खर्च झाले आहेत.

अमेरिकेतही या जातीच्या गाड्यांवर जीव टाकणारे लोक आहेत. तिकडे फोक्सवागनने रॅबिट या मोटारीची डिझेल पिकअप पेनसिल्व्हेनियातल्या वेस्टमोरलँडच्या कारखान्यात बांधली. 1980 च्या आसपास तेल महागलेलं असताना ती चालली. तेल उतरलं तशी छोट्या डिझेल पिकअपची सगळी पिढीच तिथल्या शोरूममधून नाहीशी झाली. आपल्याकडे ही पिढी नाहीशी झाली नाही, कारण आपल्याकडे ती हौसेने घेतलीच नव्हती. तिच्यावर हप्ते फेडले जात होते.

सुटे भाग अजून मिळतात. नोझल बनवणारा मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा कारखाना नाशिकलाच आहे, आणि जुन्या बाजारात हेडपासून फाळक्याच्या कडीपर्यंत बरंच काही सापडतं. अडचण माणसांची आहे. आबांच्या गाडीचा पंपही आता थकलाय. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नाही. तो उतरवून कॅलिब्रेशनच्या बेंचवर चढवावा लागेल. चारही पाइपांतून येणारं डिझेल काचेच्या नळ्यांत मोजून सारखं करणं हे वेगळं कसब आहे, आणि ते हाताने जाणणारे लोक साठीच्या पुढे गेलेत. मिस्त्रींनी हडपसरच्या एका पंपवाल्यांना फोन लावला. मंगळवारची वेळ मिळाली. पंप घेऊन पोरानेच जायचं आणि काम पूर्ण होईपर्यंत तिथेच बसून बघायचं, असं मिस्त्रींनी आबांसमोर ठरवून टाकलं.