सर्व्हरची राखण – लेखांक ९ : डेटाबेसचं बिऱ्हाड हलवताना

बदनापूर तालुक्यातल्या महसूल मंडळांमध्ये ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद दर दहा मिनिटांनी होते. म्हणजे एका घटकाच्या वर्षाला ५२,५६० नोंदी. आकडा मोठा वाटतो, पण एखाद्या कॉलेजच्या नेटवर्कवर पाळत ठेवणाऱ्या झॅबिक्सपुढे तो किरकोळ आहे. ३,००० बाबी मिनिटाला एकदा तपासल्या की सेकंदाला ५० नोंदी पडतात. नोंद ९० बाइटची धरली, तर महिन्याला जवळपास ११ जीबी. इतरांच्या डिस्क भरल्याची वर्दी देणारा सर्व्हर स्वतःच भरून बसतो तो असा.

जुन्या नोंदी पुसून भागत नाही. झॅबिक्सचा हाउसकीपर ओळी काढतो, पण त्या नोंदी जिथं साठतात त्या मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनची फाइल आकसत नाही. रिकामी झालेली जागा ती पुढच्या ओळींसाठी आतच धरून ठेवते. टेबल नव्यानं बांधायला तेवढीच मोकळी जागा लागते, आणि नेमकी तीच नसते. मग नवी डिस्क जोडून फायली तिकडे न्यायच्या.

भारनियमनाची वेळ टाळा. आधी झॅबिक्स थांबवा, मग मायएसक्यूएल. कारण बंद होताना झॅबिक्स मेमरीतल्या नोंदी डेटाबेसात उतरवतो. चालू डेटाबेसच्या फायली कॉपी केल्या तर नक्कल भरवशाची नसते. आरसिंकनं मालकी आणि परवानग्यांसकट नक्कल करा, कॉन्फिगरेशनमध्ये ‘डेटाडिर’चा नवा पत्ता लिहा, आणि मायएसक्यूएल सुरू करा.

बहुतेकदा तो सुरू होत नाही. लॉगमध्ये ‘परवानगी नाकारली’ असं येतं, आणि पाहावं तर फायलींची मालकी अगदी बरोबर असते. इथं वैतागून ७७७ परवानगी देणारे पुष्कळ. त्यानं काहीही सुटत नाही, उलट दार सताड उघडं राहतं. अडवणारा दुसराच असतो. रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर एसईलिनक्स प्रत्येक फाइलचं लेबल तपासतो. नव्या डिरेक्टरीला मायएसक्यूएलचं लेबल नियम म्हणून नोंदवून लावावं लागतं. उबुंटूवर ॲपआर्मरकडे मान्य पत्त्यांची यादी असते, तीत नवा पत्ता घालायचा. जुन्या जागी सिमलिंक ठेवून दोघांनाही चकवता येत नाही, कारण ते खरी जागा बघतात. शिवाय मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी असेल तर ‘होम’खाली फायली नेऊच नका, तिच्या सिस्टमडी सेवेला तिथं सहसा प्रवेश नसतो.

मला विचाराल तर नवी डिस्क जुन्याच पत्त्यावर माउंट करावी. डेटाडिर, सॉकेट, ॲपआर्मरची यादी, कशालाच हात लागत नाही. एसईलिनक्सची लेबलं तेवढी पुन्हा लावायची. मात्र ‘एफएसटॅब’मध्ये नोंद हवीच, नाहीतर पुढच्या रीबूटला मायएसक्यूएलपुढे रिकामी डिरेक्टरी येईल. म्हणून रीबूट लगेच, समोर बसून करा. आलेखांत ताज्या नोंदी दिसू लागेपर्यंत जुनी प्रत पुसू नका.

पुढच्या आठवड्यात : हाउसकीपरला रजा देणारं पार्टिशनिंग.