ज्ञानाची उघडी मूठ

महापरिनिर्वाणापूर्वीचा अखेरचा वर्षावास तथागतांनी वैशालीजवळच्या बेलुव गावी केला. तेथे ते गंभीर आजारी पडले. त्यातून ते उठल्यावर, संघासाठी काही शेवटचे सांगायचे राहिले असेल, अशी अपेक्षा आनंदाने बोलून दाखवली. तथागतांचे उत्तर महापरिनिब्बान सुत्तात आले आहे. धम्म सांगताना आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा असा भेद आपण केला नाही, तथागताजवळ ‘आचरियमुट्ठि’ म्हणजे आचार्याची मिटलेली मूठ नाही, असा त्या उत्तराचा आशय आहे. विद्येचा शेवटचा भाग गुरूने मुठीत राखून ठेवावा आणि उतारवयात एखाद्या लाडक्या शिष्याच्या कानात सांगावा, ही त्या काळची रीत. ती तथागतांनी नाकारली. आपल्या वसतिगृहांतून धम्मवंदना म्हणताना ‘एहिपस्सिको’ हा शब्द नित्य उच्चारला जातो. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ.

आजच्या विज्ञानात याच दोन गोष्टींना नवी नावे मिळाली आहेत. सामान्य माणसाने स्वतः पाहून, मोजून, नोंदवून संशोधनात भाग घेणे याला ‘नागरिक विज्ञान’ म्हणतात. संशोधनाचे लेख आणि त्यामागची आकडेवारी सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून देणे याला ‘मुक्त विज्ञान’ म्हणतात. युनेस्कोने नोव्हेंबर 2021 मध्ये मुक्त विज्ञानाविषयी जी शिफारस स्वीकारली, तिच्यात समाजाच्या सहभागाला स्थान आहे. हे विषय प्रयोगशाळेतल्या मंडळींचे आहेत, असे पालकांना वाटण्याचा संभव आहे. आमचे मत उलट आहे. यवतमाळ जिल्ह्याइतकी या दोन्हींची निकड फार थोड्या ठिकाणी असेल, आणि त्याचे कारण आपल्या कपाशीच्या शेतात आहे.

सन 2017 चा खरीप हंगाम जिल्ह्यातील कोणीही विसरलेले नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर वाढली होती, हवा दमट होती, दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून फवारली जात होती. फवारणारा पुष्कळदा मजूर असे. आपल्या पंपात नेमके काय आहे हे त्याला ठाऊक नसे आणि रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांनाही ते सांगता येत नसे. पुढे शासनाने विशेष तपास पथक नेमले, अहवाल झाले, सूचना निघाल्या. त्यांत कोणाचा दोष किती, हा या लेखाचा विषय नाही. आम्हाला अस्वस्थ करते ते इतकेच की, या फवारणीविषयी जे ज्ञान अस्तित्वात होते ते फवारणाऱ्याच्या हातात नव्हते.

डब्यावरच्या त्रिकोणाचेच उदाहरण घ्या. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी विषारी. दोन मिनिटांत शिकता येणारी ही खूण आहे. पण आतील घडीपत्रकाची अक्षरे इतकी बारीक असतात की, धुऱ्यावर उभे राहून ती वाचणे चांगल्या नजरेच्या माणसालाही जमत नाही. छापले म्हणजे कळवले, अशी समजूत असली की असे होते.

आता मोजणीकडे येऊ. गुलाबी बोंडअळी आली की नाही हे ठरवण्याची पद्धत कृषी शास्त्रज्ञांनी घालून दिली आहे आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था ती वर्षानुवर्षे सांगत आली आहे. हेक्टरी पाच कामगंध सापळे पिकाच्या उंचीपेक्षा थोडे वर लावायचे. सापळ्यातील ल्यूरला मादीचा गंध असतो, त्यामुळे नर पतंग त्यात येऊन अडकतात. रोज सकाळी पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सरासरी प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजायचे. फुले लागल्यावर डोमकळ्या शोधायच्या. बोंडे धरल्यावर शेतात फिरून वीस झाडांवरची वीस हिरवी बोंडे तोडायची आणि फोडून पाहायची. दोन बोंडांत अळी निघाली तर प्रादुर्भाव दहा टक्के झाला. त्याखाली असेल तर रासायनिक फवारणी थांबवता येते, सुरुवातीच्या काळात पाच टक्के निंबोळी अर्कावर भागवता येते.

यात कोणते यंत्र नाही. वही, पेन्सिल आणि रोज सकाळी शेतात जाण्याची शिस्त लागते. मात्र ही मोजणी झाली नाही तर फवारणीचा निर्णय शेजाऱ्याच्या पंपाचा आवाज ऐकून किंवा कृषी केंद्राच्या काउंटरवर होतो, आणि काउंटरवर बसलेल्याचा धंदा डबा विकण्याचा आहे. मोजणीने 2017 चे सारे मृत्यू टळले असते, असा आमचा दावा नाही. न फवारलेल्या दिवशी फवारणीची विषबाधा होत नाही, एवढे मात्र निर्विवाद आहे.

एका शेतातील वही एका शेतकऱ्याच्या उपयोगाची. त्याच गावच्या तीस वह्या एकत्र आल्या की, पतंग कोणत्या शिवारातून आधी निघाले, कोणत्या आठवड्यात वाढले, उशिरा पेरलेल्या कपाशीवर किती आले, याचा नकाशा तयार होतो. नागरिक विज्ञान हे याच बेरजेचे नाव आहे. महाराष्ट्र शासनाचा ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षण प्रकल्प 2009-10 पासून याच तत्त्वावर चालतो. ठरलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी किडी मोजायच्या आणि त्यावरून सल्ला द्यायचा. तेथे मोजणारे पगारी असतात. हेच काम गावच्या मुलामुलींनी केले, तर ते आपल्या शिवाराचे आकडे आपल्या भाषेत आपल्याच लोकांना सांगू शकतील.

सामान्य माणसाच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा, असा प्रश्न येथे विचारला जातो आणि तो रास्त आहे. याचे उत्तर पक्षिनिरीक्षकांनी दिले आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा 2023 चा अहवाल देशभरातील सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात 942 जातींचा आढावा आहे. हे निरीक्षक शिक्षक, विद्यार्थी, बँक कर्मचारी, गृहिणी अशा सर्व थरांतले आहेत. नोंदीची शिस्त मात्र कडक. कोठे, किती वाजता, किती वेळ पाहिले ते लिहायचे. दिसलेले सर्व पक्षी लिहायचे, केवळ आवडलेले नव्हेत. कारण पूर्ण यादीत एखादा पक्षी नसला तर तो दिसला नाही, हीही नोंद होते. शून्य लिहिण्याची सवय हाच नागरिक विज्ञानाचा पाया आहे आणि नवशिके नेमके तेथेच चुकतात. विचित्र वाटणारी नोंद जाणकार परीक्षक तपासतात. एका माणसाची चूक हजारोंच्या नोंदींत फारशी उरत नाही.

या बेरजेतून दोन गोष्टी कळल्या. चिमण्या नाहीशा होत आहेत ही सार्वत्रिक समजूत. नोंदींनी दाखवले की, काही महानगरे सोडता देशपातळीवर चिमणी बऱ्यापैकी टिकून आहे. उलट ज्याची काळजी कोणी करत नव्हते तो नीलकंठ घटत चालला आहे. विदर्भात दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ मानणारे पुष्कळ आहेत. आपल्यासाठी तो दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. शुभाशुभाचा विचार बाजूला ठेवून त्या दिवशी तारेवर बसलेले नीलकंठ किती दिसले, ते कोठे दिसले, हे आपल्या मुलांनी दरवर्षी लिहून ठेवले तर त्याला मोल आहे. या नोंदी ज्या संकेतस्थळावर जमा होतात तेथून त्या कोणालाही अभ्यासासाठी विनामूल्य मिळतात. देणाऱ्यालाही मिळतात, हे आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटते.

कारण सर्वत्र तसे घडत नाही. पांढरकवडा, झरी-जामणी या जिल्ह्याच्या पूर्व भागांत काही ठिकाणच्या भूजलात फ्लोराइड आढळते. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तरच दीडपर्यंत चालते. त्यापुढे दीर्घकाळ प्यायल्यास मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात. अशा विहिरींचे नमुने तपासून शोधनिबंध लिहिले जातात. ते पुष्कळदा अशा नियतकालिकांत छापले जातात जेथे एक लेख वाचायला दोन-तीन हजार रुपये पडतात. ज्या विहिरीचे पाणी बाटलीत गेले, तिच्या मालकाला आपल्या पाण्याचा आकडा विकत घ्यावा लागेल. आचरियमुट्ठि ती हीच, फक्त मूठ आता प्रकाशन कंपनीची आहे.

ही मूठ उघडण्याचे प्रयत्न झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनंतर पीएच.डी. चे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात ठेवले जाऊ लागले. ते कोणीही, कोणत्याही गावातून वाचू शकतो. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे संशोधन करीत आहेत त्यांनी आपला प्रबंध तेथे आहे ना, हे पाहावे. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र शासनाने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये देऊन तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थी व प्राध्यापकांना खुली केली. हे स्वागतार्ह आहे. परंतु शेतकरी, ग्रामपंचायत, आशा कार्यकर्ती आणि शाळा त्या कुंपणाबाहेरच राहिल्या.

कागदावर खुले असणे आणि हाताला लागणे यांतील अंतर आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे 1924 मध्ये जाहीर केले. प्रत्यक्षात बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी त्या पाण्याला हात लावला तो 20 मार्च 1927 रोजी. मधली तीन वर्षे तळे खुले होते आणि कोणालाही मिळत नव्हते. संशोधनाचेही तसेच आहे. लेख विनामूल्य झाला तरी तो इंग्रजीत, शास्त्रीय परिभाषेत आणि दूरच्या संकेतस्थळावर असतो. त्याचा एक पानाचा मराठी गोषवारा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागेपर्यंत आम्ही त्याला खुला मानत नाही. बाबासाहेबांचे लेखन व भाषणे वसंत मून यांच्या संपादनाखाली 1979 पासून महाराष्ट्र शासनाने खंडशः प्रसिद्ध केली, अल्प किमतीत दिली, आज ती इंटरनेटवर विनामूल्य आहेत. त्या ग्रंथांनी किती घरांत शिरकाव केला हे पाहिले म्हणजे, मूठ उघडल्यावर काय होते याचे वेगळे प्रमाण शोधावे लागत नाही.

सर्वच उघडे करावे काय? नाही. वाघिणीच्या गुहेचे ठिकाण, दुर्मीळ वनौषधीची जागा, कोणाच्या आजाराची नोंद या गोष्टी जाहीर करण्याच्या नाहीत. आदिवासी पाड्यावरील वैदूचे ज्ञान त्याच्या संमतीवाचून छापणे ही लूट आहे. तरीही लपवून ठेवणे हे प्रत्येक वेळी संरक्षण ठरत नाही. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट 1995 मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. आपल्या आज्यांनी पिढ्यानपिढ्या हळद लावली, एवढे म्हणून ते रद्द झाले नसते. जुने ग्रंथ आणि 1953 मधील भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख, असा छापील पुरावा द्यावा लागला. उमरखेड-महागाव पट्ट्यातील हळद उत्पादकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून दंडाची तंबी दिल्यावर देशभर या वह्या घाईने पूर्ण करण्यात आल्या. घाईच्या कामाचा दर्जा काय असतो ते सांगायला नको. माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक, शिक्षक आहेत. त्यांनी आपल्या गावची ती वही कपाटातून मागवून वाचावी. तीत आपल्या शिवारातील मोहाची झाडे आहेत काय, जुन्या वाणाची ज्वारी आहे काय, लिहिताना कोणाला विचारले होते, हे तपासावे आणि जे सुटले ते भरावे.

शाळेपुरते बोलायचे तर निवासी शाळेला एक लाभ आहे जो दिवसाच्या शाळेला नाही. मुले सकाळ-संध्याकाळ एकाच परिसरात असतात, त्यामुळे रोजची नोंद तुटत नाही. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला पाहता येतो. जल जीवन मिशनने गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद केली आहे. आपल्या मातापालकांपैकी कोणी त्यांत असतील तर त्यांनी फ्लोराइडची तपासणी मुलांसमोर एकदा करून दाखवावी. विहिरीची नोंद सर्वांत सोपी. काठावर रंगाने एक खूण करायची आणि दोरीला वजन बांधून खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मीटरमध्ये मोजायचे. मोजताना थोरांपैकी कोणीतरी जवळ हवेच. मोटार चालू असेल तर ती बंद करून पाणी स्थिर होऊ द्यायचे. मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात एकदा मोजले तरी वर्षाचा हिशेब लागतो. तारीख, वेळ, अंतर आणि मोजणाऱ्याचे नाव वहीत लिहावे, आणि तोच आकडा त्याच दिवशी खडूने गावाच्या फळ्यावरही लिहावा.