कृत्रिम उंची प्रशिक्षण

कृत्रिम उंची प्रशिक्षण ही लांब पल्ल्याचे धावपटू, सायकलपटू व जलतरणपटू यांच्यासाठीची एक प्रशिक्षणपद्धती आहे. तीत खेळाडू पर्वतावर न जाता कमी प्राणवायूच्या हवेत ठरावीक काळ राहतो किंवा सराव करतो.

शास्त्रीय आधार

हवेत सुमारे २०.९ टक्के प्राणवायू असतो. उंचीवरही हे प्रमाण तेवढेच राहते; मात्र हवेचा दाब घटल्याने प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू कमी होतो. कृत्रिम पद्धतीत बहुधा दाब न बदलता हवेतील नायट्रोजनचे प्रमाण वाढवले जाते. प्राणवायू सुमारे १५.४ टक्क्यांवर आणल्यास २,५०० मीटर उंचीसारखी स्थिती निर्माण होते. त्यामुळे मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक स्रवते आणि काही आठवड्यांत तांबड्या रक्तपेशी वाढू शकतात.

इतिहास

२,२४० मीटर उंचीवरील मेक्सिको सिटी येथे १९६८ साली ऑलिंपिक स्पर्धा झाल्या, तेव्हापासून या विषयाच्या अभ्यासाला गती मिळाली. उंचीवर नेहमीच्या वेगाने सराव करणे कठीण जाते. यावर बेंजामिन लेव्हिन व जेम्स स्ट्रे-गंडरसन यांनी १९९७ मध्ये ‘उंचावर वास्तव्य, खाली सराव’ या पद्धतीची उपयुक्तता दाखवली. सपाट प्रदेशात ही पद्धत शक्य व्हावी म्हणून फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात नायट्रोजनयुक्त हवेची घरे वापरात आली. पुढे झोपण्याचे तंबू आले. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने २००६ मध्ये या साधनांचा विचार केला. परंतु त्यांवर बंदी घातली नाही.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

ही शहरे जवळजवळ समुद्रसपाटीवर आहेत. येऊरच्या चढावर किंवा मलंगगडावर केलेल्या सरावाने पायांची ताकद व दम वाढतो. तथापि ही ठिकाणे १,००० मीटरपेक्षा कमी उंचीची असल्याने रक्तावर अपेक्षित परिणाम होत नाही. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाईही १,६४६ मीटरच आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील खेळाडूंना उटी (२,२४० मीटर) यांसारख्या ठिकाणी जावे लागते. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथे सराव केला. त्यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले.

मर्यादा

परिणामासाठी तीन ते चार आठवडे, रोज बारा तासांहून अधिक वास्तव्य आवश्यक मानले जाते. लोकलने मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या धावपटूला तंबूत रात्रीचे आठ तासच मिळाले, तर चार आठवड्यांत २२४ तास होतात. बारा तासांच्या हिशेबाने ३३६ तास लागतात. बंद तंबूत उष्णता व दमटपणा वाढून झोप बिघडण्याचीही शक्यता असते. बाजारात मिळणारे ‘उंची मुखवटे’ केवळ श्वासाला अडथळा करतात. ते हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटवत नाहीत.

दक्षता

शरीरात लोह कमी असल्यास नव्या रक्तपेशी पुरेशा तयार होत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्यामुळे आधी हिमोग्लोबिन व फेरिटिन तपासणे महत्त्वाचे ठरते. सिकलसेल आजार किंवा त्याचे वाहकत्व असणाऱ्यांना, तसेच हृदय व फुप्फुसांचे विकार असणाऱ्यांना कमी प्राणवायूपासून धोका संभवतो. म्हणून हे प्रशिक्षण वैद्यकीय देखरेखीखालीच घेतले जाते.