पोट भरलेलं, तरी उपाशी

आपल्या पर्थपासून दक्षिणेला सुमारे ४०० किलोमीटरवर डेन्मार्क नावाचं गाव आहे. सुट्टीत आपण तिकडे समुद्र आणि जंगल बघायला जातो. १९२० च्या दशकात सरकारी योजनेतून तिथलं जंगल तोडून शेतकरी वसवले गेले. कुरणं हिरवीगार, पण गायी-मेंढ्या मात्र खंगू लागल्या. खाणं सुटायचं, अंगातलं रक्त कमी व्हायचं आणि शेवटी जनावर दगावायचं.

रक्त कमी म्हणजे लोह कमी, असा तेव्हाचा समज. लिमोनाइट हे लोहखनिज भरपूर खाऊ घातलं की गुणही यायचा. पण आजारी जनावरांच्या यकृतात लोह मुबलक सापडलं! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. प्रोग्रॅम चालतो, पण आपण समजतो त्या कारणाने नाही. पशुवैद्य जॉन फिल्मर आणि जीवरसायनतज्ज्ञ एरिक अंडरवूड यांनी लिमोनाइटच्या अर्कातून लोह काढून टाकलं, तरी गुण आलाच. मग उरलेले घटक तपासत १९३५ मध्ये ते खऱ्या औषधापाशी पोचले. ते होतं कोबाल्ट!

मेंढीला ते दिवसाला जेमतेम ०.१ मिलिग्रॅम लागतं. कशासाठी, हे १९४८ मध्ये ब-१२ जीवनसत्त्व वेगळं काढल्यावर उलगडलं. त्याच्या रेणूत कोबाल्ट असतं, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातल्या कोबाल्टपासून ते तयार करतात. मातीतच कोबाल्ट कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून पोट भरूनही जनावर उपाशी. पुढे खतातून कुरणावर कोबाल्ट टाकायची पद्धत आली.

आपल्याकडे कारणं वेगळी, पण धडा तोच. महाराष्ट्रात दुष्काळात जनावरांना उसाचं वाढं घालतात. त्यातल्या ऑक्झलेटमुळे शरीरातलं कॅल्शियम बांधलं जातं आणि नुसत्या वाढ्यावर जगलेलं जनावर अशक्त होतं. म्हणून सोबत चुन्याची निवळी किंवा खनिज मिश्रण द्यावं लागतं. पण सरसकट एकच मिश्रण सगळ्यांना घालणंही बरं नव्हे. गायीला चालणारं तांबं मेंढीला विषारी ठरू शकतं.

तेव्हा पशुधनासाठी देणगी देताना आपण दोन प्रश्न जरूर विचारूया: चाऱ्याबरोबर आणखी काय देणार? आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरवलं? चाऱ्याची गाडी फोटोत छान दिसते. चिमूटभर खनिज दिसत नाही, पण दावणीचं जनावर कित्येकदा त्यानेच वाचतं.